आदल्या दिवशीचा निरोप

३ फेब्रुवारी

आज पहिलं प्रकरण हातात आलं. फाइल जाड आहे. चार वर्षं कोर्टात पडून राहिलेल्या दाव्याची फाइल जाड व्हायचीच.

एकतीस वर्षं मी कोर्टात स्टेनो होते. लोक बोलत आणि मी खाली मान घालून उतरवून घेई. निवृत्त झाल्यावर मध्यस्थीचं चाळीस तासांचं प्रशिक्षण घेतलं आणि आता कोर्टाच्याच मागच्या इमारतीतल्या केंद्रात बसते. निकाल द्यायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवायचं आणि त्यांचं त्यांना मिटवू द्यायचं. कोर्टात माझ्याकडे कुणी बघत नसे. इथे सगळे माझ्याकडेच बघतात. त्याची सवय व्हायची आहे.

केंद्रप्रमुख निवृत्त न्यायाधीश आहेत, स्वभावाने कडक. म्हणाल्या, "तुमची लिहायची सवय मोडा. तुम्ही लिहायला लागलात की समोरचा बोलायचा थांबतो." बैठकीतली टिपणं शेवटी फाडून टाकायची असतात. म्हणून ही घरची वही. हिच्यात कुणाचं नाव लिहिणार नाही. तरीही हे नियमात बसतं की नाही, हे मी कुणाला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

प्रकरण असं. पाच मजल्यांची इमारत. लिफ्ट दुरुस्तीसाठी दहा ते चार बंद. पाचव्या मजल्यावरचे गृहस्थ हृदयाचे रुग्ण, जिना चढायला डॉक्टरांची सक्त मनाई. सकाळी फिरायला बाहेर पडले, साडेदहाला परत आले, जिन्याने निघाले आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्यामधल्या वळणावर कोसळले. तिथेच गेले. पत्नीने लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यावर नुकसानभरपाईचा दावा लावला. तिचं म्हणणं, लिफ्ट बंद राहणार हे आम्हाला आधी कळवलंच नाही. त्याचं म्हणणं, आदल्या दिवशी दारोदार जाऊन सांगितलं.

न्यायालयाने अठ्ठावीस मार्चपर्यंत मुदत दिली आहे. तोवर मिटलं नाही तर त्या दिवशी पत्नीची उलटतपासणी.

११ फेब्रुवारी

पहिली बैठक. गोल टेबल, सहा खुर्च्या, पाण्याचा जग, वरती पंखा. गोल टेबल मुद्दाम असतं, म्हणजे समोरासमोर कुणी येत नाही. तरी ते समोरासमोरच बसले.

पत्नी सत्तरीच्या. शाळेत भूगोल शिकवायच्या. इमारतीत सगळे त्यांना बाई म्हणतात, लिफ्टवालाही म्हणतो, तेव्हा मीही बाईच लिहिते. सोबत मुलगा, चाळिशीचा, औषध कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्याच्या फाइलला रंगीत पट्ट्या लावलेल्या होत्या; बोटाने पट्टी धरली की नेमका कागद. अशी माणसं मला आवडतात. बाईंनी दोनदा बोलायला सुरुवात केली आणि दोन्ही वेळा त्याने वाक्य पुरं केलं. वेळ वाचला.

लिफ्टवाला पंचावन्नच्या आसपास. इस्त्रीचा शर्ट, पण नखांच्या कडेला ग्रीस. ते आता निघणार नाही. त्याने सह्यांचा कागद टेबलावर ठेवला. दहा घरं, नऊ सह्या. पाचव्या मजल्यावरच्या एका घरासमोर जागा कोरी.

"दार बाईंनीच उघडलं होतं," तो म्हणाला. "हात ओले होते. म्हणाल्या, कळलं, सही नको, कागद भिजेल."

"आईनं शपथेवर सांगितलंय की कुणी आलं नव्हतं," मुलगा म्हणाला.

लिफ्टवाल्याने कागदाची घडी घातली. बाईंनी पाणी मागितलं. मग म्हणाल्या, "तो पंखा जरा बंद करता का?" वयस्कर माणसांना पंख्याचा आवाज सहन होत नाही. पुढच्या वेळी दोन नंबरची खोली मागायची. तिथला पंखा नवा आहे.

निघताना बाईंनी त्याला विचारलं, "आता किती इमारती आहेत तुमच्याकडे?"

"चार."

"आधी?"

"अकरा होत्या."

बाईंनी मान हलवली. मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "आई, चल." प्रशिक्षणात सांगतात, दोन्ही बाजू इकडचं तिकडचं बोलायला लागल्या की समजावं, चांगलं चाललंय. टिपणात लिहिलं: प्रगती.

१२ फेब्रुवारी

ह्यांनी विचारलं, "काल काय झालं?"

"सांगता येत नाही."

"एकतीस वर्षं सगळं सांगत होतीस. आता सांगण्यासारखं झालं तर म्हणे सांगता येत नाही." आणि पुन्हा शब्दकोड्यात डोकं घातलं.

१८ फेब्रुवारी

दुसरी बैठक. आज जवळजवळ मिटलं होतं, म्हणून जास्त चिडचिड झाली.

सुरुवातीला मुलगा म्हणाला, "पैशाचा प्रश्नच नाही. यांनी चूक कबूल करावी."

लिफ्टवाला म्हणाला, "जे केलंच नाही ते कबूल कसं करू? तुम्हीच सांगा, मॅडम."

मी काहीच सांगायचं नसतं. पण शब्द हा माझा धंदा. मी रात्री जेवण झाल्यावर बसून एक मसुदा करून नेला होता. "निरोप पोचण्यात कुठेतरी गफलत झाली आणि त्याचा उभय पक्षांना खेद आहे." कुणाकडे बोट नाही, कुणाला कमीपणा नाही. मुलाने दोनदा वाचला आणि शेजारी बसलेल्या आपल्या वकिलाकडे बघून मान डोलावली. लिफ्टवाल्याला तो मनापासून पटला नव्हता, पण थकलेला दिसला. "चालेल," म्हणाला. "एकदाचं संपू दे."

बाई म्हणाल्या, "मला नाही चालणार."

लिफ्टवाल्याने खिशातून काढलेलं पेन परत ठेवलं.

"कुठेतरी म्हणजे कुठे?" बाईंनी मला विचारलं. आवाज शाळेतला. "कुठेतरी असं काही नसतं. गफलत झाली तर ती कुठल्या तरी दारात झाली असणार ना?"

"आई, तुला नक्की हवंय तरी काय?" मुलाने विचारलं. आवाज चढवला नाही.

"मला माहीत नाही."

जन्मभर शिकवलेलं माणूस; शब्दावर अडणारच. मसुद्यात 'कुठेतरी' ऐवजी 'कशी कोण जाणे' घालावं का, याचा घरी येताना विचार केला. तेही बरं दिसत नाही.

२० फेब्रुवारी

केंद्रप्रमुखांना सगळं सांगितलं. त्यांना सांगायची मुभा असते. त्यांनी मसुदा वाचला.

"भाषा छान आहे," म्हणाल्या. "हे वाचत असताना बाई कुणाकडे बघत होत्या?"

आठवेना. मी कागदाकडे बघत होते.

"मग त्यांना एकटीला बोलवा."

प्रत्येक पक्षाशी वेगळं बसता येतं. तिथे जे बोललं जाईल ते, बोलणाऱ्याने परवानगी दिल्याशिवाय, मी दुसऱ्या पक्षाला सांगायचं नसतं. न्यायाधीशालाही नाही.

२५ फेब्रुवारी

मुलाला आत यायचं होतं. "आईला ऐकायला कमी येतं, मी असलेलं बरं." नियम दाखवला तेव्हा बाहेर बाकावर बसला. दाराच्या काचेतून त्याचा खांदा दिसत होता. बाईंनी खुर्ची हलवून त्याच्याकडे पाठ केली. त्यांना ऐकायला व्यवस्थित येतं.

"इथलं कोर्टात जात नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"ह्याला कळत नाही?" मानेने काचेकडे खूण.

"तुम्ही सांगितल्याशिवाय नाही."

त्यांनी शबनम पिशवीतून रुमाल काढला, परत ठेवला. तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला. मी तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं.

"तो आला होता," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही कोण. वाटलं, मुलगा.

"आदल्या दिवशी दुपारी. मी भांडी घासत होते. उद्या दहा ते चार लिफ्ट बंद, काकांना खाली जाऊ देऊ नका, असं अगदी नीट सांगितलं त्यानं. मी म्हटलं, कळलं. दार लावलं आणि फोन वाजला. धाकट्या बहिणीला दवाखान्यात ठेवलं होतं, तिच्या घरून. तासभर बोलत होते. मग सगळं तेच डोक्यात. सकाळी हे बूट घालत होते तेव्हा मी समोर उभी होते हो. समोर. म्हटलं, टोपी घ्या, ऊन आहे."

पुढचं तुटक तुटक सांगितलं. पोलिस, शेजारी, गर्दी. संध्याकाळी मुलगा आला. त्याने विचारलं, "आई, तुला कुणी सांगितलं होतं का?" त्यांनी 'नाही' म्हटलं.

"तेवढाच एक शब्द. मला वाटलं, आज नाही म्हणू, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तो वकिलाकडे गेला होता."

साक्षीत टाइप करायला 'नाही' हा सगळ्यात सोपा शब्द. दोन अक्षरं. मी आयुष्यात किती टाइप केले असतील, मोजदाद नाही.

मी विचारलं, यातलं काही समोरच्यांना सांगू का? नको म्हणाल्या. मुलाला? त्या पिशवी उचलून उठल्या. बाहेर पडल्यावर त्याने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि जिन्याला हात धरला. चांगला मुलगा आहे.

पाणी, पंखा, अकरा इमारती, 'कुठेतरी म्हणजे कुठे'. हे मला दुसऱ्या बैठकीपर्यंत कळायला हवं होतं.

संध्याकाळी ह्यांना कोपऱ्यावरून दूध आणायला सांगितलं. ते खाली पोचले असतील-नसतील, मी खिडकीतून हाक मारून परत बोलावलं आणि स्वतः गेले. कारण विशेष काही नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो.

४ मार्च

लिफ्टवाल्याशी वेगळी बैठक. वकिलाला त्यानेच बाहेर बसवलं.

मी म्हटलं, "तो दिवस सांगा." फाइलमध्ये त्या दिवसाच्या दोनच ओळी आहेत.

त्याने टेबलावर पाण्याचा ग्लास उपडा ठेवून खड्डा कुठे, दार कुठे ते दाखवलं. लिफ्टच्या खाली खड्डा असतो, त्यात उतरून काम करावं लागतं. ब्रेकमध्ये दोष सापडला होता. इमारतीतले म्हणत होते, महिनाभर चालवून बघू. त्याने ऐकलं नाही. तर हा खड्ड्यात, डोकं तेवढं वर.

"काका आले. वाकून बघितलं आणि म्हणाले, काय हो, आज जमिनीतून उगवलात? मी म्हटलं, काका, काल वर सांगून गेलो होतो की. थांबा, तासाभरात तुम्हाला वर नेण्यापुरती चालू करून देतो. स्टूल दिलं. बसले पाच मिनिटं."

तो थांबला. मी काही बोलले नाही. आता जमायला लागलंय.

"म्हणाले, आमची बाई विसरली वाटतं सांगायला. तिच्या डोक्यात सध्या बहिणीचं आजारपण आहे. मग उठले. म्हणाले, तिला म्हणू नका हं मी खाली अडकलो होतो, उगाच मनाला लावून घेईल. हळूहळू चढतो. मी म्हटलं, काका, नका जाऊ. पण मी खड्ड्यात होतो. वर यायला अर्धं मिनिट लागतं. यायला हवं होतं."

"हे तुम्ही लेखी म्हणण्यात का दिलं नाही?"

"त्यांनी सांगू नका म्हटलं होतं."

"पण तुमच्या बाजूचं होतं."

"वकिलांनाही नाही सांगितलं. सांगितलं असतं तर त्यांनी भर कोर्टात बाईंना ऐकवलं असतं, तुमचा नवराच म्हणाला तुम्ही विसरलात म्हणून. कसं ऐकवणार? दावा लागला तेव्हा वाटलं, मी खड्ड्यातून वर आलो नाही याची काहीतरी शिक्षा मला हवीच होती. पण ही नव्हे. मी सांगितलं नाही म्हणतात, ती नव्हे."

मी विचारलं, यातलं काही बाईंना सांगू का?

"नको."

५ मार्च

दोन बंद पेट्या माझ्या टेबलावर आहेत. दोन्हींत एकच गोष्ट आहे. दोन्ही उघडायची मला मनाई.

केंद्रप्रमुखांना म्हटलं, माझ्याकडे असं काही आहे की मी एक वाक्य बोलले तर प्रकरण आजच्या आज मिटेल.

"मग त्या वाक्यावर बसून राहा," त्या म्हणाल्या. "ते तुमचं नाही. ज्यांचं आहे त्यांना बोलता येईल एवढी जागा करा."

जागा कशी करायची ते त्यांनी सांगितलं नाही.

११ मार्च

बाईंचा फोन. मुलगा ऑफिसात असताना केला असावा. "दावा मागे घेते. कारण काही लिहू नका. सही करते आणि मोकळी होते."

लिफ्टवाल्याला कळवलं. वाटलं, सुटकेचा श्वास टाकेल. तो म्हणाला, "मॅडम, दावा मागे घेतला की लोक म्हणणार, म्हातारीला दया आली. मी जिथं जाईन तिथं तेच विचारतात, तुम्हीच ना ते, न सांगता लिफ्ट बंद करणारे? मला दुसरं काही नको. मी सांगितलं होतं, एवढं लिहून द्या."

बाईंना परत फोन. हे सांगायला त्याची परवानगी होती. सगळं ऐकून त्यांनी विचारलं,

"त्याच्याशी बोलायचं तर ह्याच्यासमोरच बोलावं लागेल का?"

"नाही. मुलाशिवाय, वकिलांशिवाय बसता येईल. तुम्ही दोघंच. आणि मी."

"बघते," म्हणाल्या. अठ्ठावीसला पिंजऱ्यात उभं राहून त्यांना पुन्हा तो शब्द म्हणावा लागेल, याची मी त्यांना आठवण करून दिली नाही. त्यांना माहीत असणार.

१८ मार्च

मुलगा पंचेचाळीस मिनिटं माझ्याशी वाद घालून खालच्या कँटीनमध्ये गेला. त्याचं म्हणणं असं की आई हळवी आहे आणि हा माणूस तिला गुंडाळेल. मी म्हटलं, आज सही काहीच होणार नाही. तेव्हा ऐकलं.

आत आम्ही तिघं. मी टिपणवही पिशवीत टाकली. हातांचं काय करावं कळेना, म्हणून मांडीवर ठेवले.

बाई म्हणाल्या, "ह्यांच्याशी शेवटचं बोललेले तुम्ही."

"हो."

"काय म्हणाले?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी पाण्याच्या जगाकडे बघितलं.

"हसले. म्हणाले, काय हो, आज जमिनीतून उगवलात?"

बाईंच्या तोंडून एक आवाज आला. हसण्याचा होता असं वाटतं. "असंच बोलायचे. वर्गात आले तर माझी मुलं बिघडवून जायचे. आणि?"

"आणि हळूहळू चढतो म्हणाले."

मधली वाक्यं त्याने गाळली. मला ती पाठ आहेत. कोर्टात साक्षीदाराने काही गाळलं की मला पायात खडा गेल्यासारखं व्हायचं. आज तसं झालं नाही. मी बसून राहिले.

बाईंनी दोन्ही तळवे टेबलावर उघडे ठेवले.

"तुम्ही मला सांगितलं होतं. माझे हात ओले होते."

"हो, बाई."

"मी 'नाही' म्हटलं."

"हो."

"चार वर्षं कोर्टात मी तुमच्या समोरून जात होते. एकदाही तोंडावर खोटारडी म्हटलं नाहीत."

"वकिलांनी म्हटलं की."

"तुम्ही नाही म्हटलंत."

तेव्हा त्याने सांगितलं. सगळं, जसं मला सांगितलं होतं तसं. विसरली वाटतं. बहिणीचं आजारपण. तिला म्हणू नका, मनाला लावून घेईल. खड्डा, स्टूल, अर्धं मिनिट.

बाई ऐकत होत्या. मग विचारलं, "रागावले होते?"

"नाही."

"वैतागून म्हणाले असतील. विसरली म्हणून."

"बाई, मी खाली होतो, ते वाकलेले होते. हातभर अंतर. तोंड दिसत होतं मला. हसत होते."

"परत सांगा."

त्याने परत सांगितलं. शब्द तेच. दुसऱ्यांदा सांगताना साक्षीदार काहीतरी फिरवतोच. ह्याने एक शब्द फिरवला नाही. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तो तिथेच राहिला. त्याने खुर्ची जवळ घेतली नाही, हात धरला नाही. तोही खाली बघत होता. म्हणाला, "मी वर यायला हवं होतं." बाई म्हणाल्या, "त्यांनी ऐकलं नसतं. डॉक्टरांचं कधी ऐकलं?"

मला पंख्याचा त्रास व्हायला लागला म्हणून बंद करायला उठले. बटणाशी गेल्यावर दिसलं, तो बंदच होता.

शेवटी बाई म्हणाल्या, "लिहून देते. पण आधी ह्याला सांगावं लागेल. कँटीनमध्ये आहे, बोलवा." मग लगेच, "नको. आज नको. पुढच्या वेळी. इथेच. घरी नाही जमायचं मला."

२५ मार्च

सगळे होते. वकील, मुलगा, लिफ्टवाला. बाई निळी साडी नेसून आल्या होत्या आणि खुर्चीत बसल्याच नाहीत; खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या. शाळेत तास घ्यायची सवय.

"त्यांनी आदल्या दिवशी मला सांगितलं होतं. मी विसरले. तुझ्या बाबांना मी सांगितलं नाही."

मुलाला वाटलं, दबाव आणलाय. त्याने माझ्याकडे बघितलं, वकिलाकडे बघितलं. "आई, काय बोलतेस तू? शपथपत्र आहे तुझं."

"खोटं आहे ते."

"चार वर्षं?"

"हो."

"रोज जेवायला बसत होतो आपण."

"हो."

त्याने फाइलच्या रंगीत पट्ट्या एकेक करून आत सारल्या. सावकाश. सगळ्या आत गेल्यावर फाइल मिटली, टेबलावर ठेवली आणि निघून गेला. दार आपटलं नाही. लिफ्टवाला अर्धवट उठला होता, बाई म्हणाल्या, "जाऊ दे त्याला. त्याचं बरोबर आहे."

करारात दोन कलमं. एक, दावा विनाशर्त मागे. दोन, वादी असं नमूद करते की प्रतिवादीने लिफ्ट बंद राहण्याची सूचना आदल्या दिवशी तिला समक्ष दिली होती व ती तिच्या विस्मरणामुळे पुढे पोचली नाही. भाषा बाईंची. मी एक शब्द बदलला नाही. शपथपत्राबद्दल न्यायालय विचारेल, असं वकील म्हणाले. "विचारू दे," बाई म्हणाल्या, "उत्तर तयार आहे." लिफ्टवाल्याने दुसरं कलम तीन वेळा वाचलं आणि विचारलं, याच्या प्रती मिळतात का. मी सात काढून दिल्या.

बाईंना घरी न्यायला मुलगा खाली नव्हता. त्या आणि लिफ्टवाला फाटकापर्यंत बरोबर गेले. तिथून त्या बसने गेल्या.

मला अभिनंदन मिळालं. पहिलंच प्रकरण निकाली, नोंदवहीत हिरवी खूण. घरी ह्यांनी विचारलं, "मिटलं का?" मी म्हटलं, "कागदावर." मग म्हटलं, शब्दकोडं बाजूला ठेवा आणि जरा नुसते इथे बसा. बसले. कारण विचारलं नाही.

२ एप्रिल

शपथपत्राच्या बाबतीत न्यायाधीशांनी बाईंना दोन प्रश्न विचारले, समज दिली आणि दावा काढून टाकला. दहा मिनिटांचं काम. माझ्या जुन्या खुर्चीवर एक नवी मुलगी बसते. तिने मान वर केली नाही.

२२ एप्रिल

मध्ये दोन प्रकरणं झाली. एक कुंपणाचं, एक शिवणयंत्रांच्या दुकानातल्या भागीदारांचं. लिहिण्यासारखं नाही.

लिफ्टवाला येऊन गेला. सात प्रती घेऊन सात ठिकाणी गेला होता. एका इमारतीने काम परत दिलं. दोघांनी वाचून बघू म्हटलं. एकाने वाचलंच नाही, बाकीचे भेटले नाहीत. तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, नुसतं सांगितलं. बाईंचा फोन येतो म्हणाला, आठवड्यातून एकदा. काय बोलता विचारलं तर म्हणाला, "काकांचंच. माझ्याकडे पाच मिनिटांचंच आहे, पण त्यांना तेच परत ऐकायचं असतं."

मुलाबद्दल विचारलं नाही. त्यानेही काही सांगितलं नाही.

६ मे

दुपारी मुलगा आला. फाइल नव्हती. दाढी वाढलेली. बाकावर बसून राहिला, शेवटी कारकुनाने मला बोलावलं.

"आई बोलते माझ्याशी," तो म्हणाला. "मीच बोलत नाही. जमत नाही." मग, "मला त्यांना भेटायचंय. लिफ्टवाल्यांना. बाबा काय म्हणाले ते आईनं सांगितलं, पण मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. घरी कसं जाऊ त्यांच्या? चार वर्षं मी त्या माणसाला..." वाक्य सोडून दिलं. पूर्वी तो सोडत नसे.

मी म्हटलं, त्यांची तयारी असेल तर वेळ ठरवून देते.

"पण आता केस नाही ना काही. केस नसेल तर खोली मिळते का?"

असा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. नियमात उत्तर सापडलं नाही. केंद्रप्रमुखांकडे गेले. त्या चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "दोन नंबर रिकामी आहे. पण अर्ज भरून घ्या, उगाच हिशेबात गोंधळ नको."

लिफ्टवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "आत्ता येऊ का?"

मी मुलाला अर्ज दिला. त्याने स्वतःचं नाव, पत्ता भराभर लिहिला. पुढे 'वादाचा विषय' अशी ओळ असते. तिथे तो अडला. पेनचं टोक कागदावर टेकवून बराच वेळ बसला, शाईचा ठिपका मोठा होत गेला. मला वाटलं, काय लिहायचं ते सांगावं. सांगितलं नाही.

मग त्याने वडिलांचं नाव लिहिलं आणि अर्ज माझ्याकडे सरकवला.

मी शिक्का मारला आणि खोलीची किल्ली दिली.